घरात रमणाऱ्या माणसाचे नेमके काय बिघडलेले असते?

औसेकर
सुटीच्या दिवशी घरीच राहणे ज्याला मनापासून आवडते, त्याला आपल्याकडे घरकोंबडा ठरवून लोक मोकळे होतात. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख असा भेद मांडला, तो दोन स्वभावांचा होता; त्यात निरोगी आणि आजारी अशी वाटणी नव्हती. लग्नसराईत डीजेच्या दणदणाटात पंगत उठते, आहेराच्या रांगेत ताटकळावे लागते आणि भेटणारा प्रत्येक जण ‘सध्या कुठं असता?’ असे विचारून उत्तर ऐकण्याआधीच पुढे सरकतो. असे समारंभ टाळून कोणी दिवसभर घरी वाचत बसला, तर त्यात चिंता करण्यासारखे काय आहे?

गोदाकाठ, परभणी
चिंतेचे कारण आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करून परतलेला आमच्या गल्लीतील एक मुलगा ‘मला घरीच बरं वाटतं’ असे सांगतो, पण किराणा आणायला तो भर दुपारीच निघतो, कारण उन्हामुळे तेव्हा पारावर कोणी नसते आणि निकालाचे कोणी विचारत नाही. भीती वाटणारी जागा टाळली की तत्काळ हायसे वाटते, आणि त्या सुटकेच्या भावनेमुळेच टाळण्याची सवय घट्ट होत जाते. जपानमध्ये सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ समाजापासून तुटून घरात कोंडून घेणाऱ्यांना ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांनी १९९८ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. तेही स्वभावावर ढकलायचे का?

औसेकर
तो मुलगा घरात रमलेला नाही, अडकलेला आहे. माझा मुद्दा अशा माणसाविषयी आहे, जो शेजारी मयत झाली तर सर्वांत आधी पोहोचतो आणि काम उरकले की घर गाठतो.

अंबाजोगाईची सून
आपण दोघेही घर म्हणजे निवांत जागा असे धरून चालला आहात. माझ्या घरात पाहुण्यांचा चहा होतो न होतो तोच स्वयंपाकाची वेळ होते, आणि तरीही सासूबाई कौतुकाने सांगतात की, आमच्या सुनेला बाहेरचे वेड नाही! मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वनिर्णय सिद्धान्तात स्वायत्तता ही मनाची मूलभूत गरज मानली आहे. बाहेर पडण्याची मुभाच जिला नाही, तिच्या घरी राहण्याला आवड म्हणणे मला पटत नाही. घरातील सगळे गावाला गेले की जी दुपार मिळते, ती मात्र मला खरोखर आवडते.

उमरगेकर
घराची ओढ परिस्थितीनेही बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीची घरे माणसांवर कोसळली, त्यानंतर आमच्या भागात धडधाकट घरे असलेली माणसेही अंगणात झोपत होती. त्यांना कोणी बहिर्मुख म्हटले नाही.

गोदाकाठ, परभणी
हे मान्य, पण औसेकरांनी सांगितलेला फरक बाहेरून ओळखायचा कोणी? रमलेला आणि अडकलेला, दोघेही एकच वाक्य बोलतात. म्हणून मी त्या मुलाच्या वडिलांना २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला.

औसेकर
योग्य केले. मात्र उद्या तोच क्रमांक माझ्या हातात ठेवू नका. मी रविवारी घरीच असतो, पण दार उघडे असते.