न्यूर्नबर्गमधला पहिला नाताळ: तुमचे अनुभव लिहा

दर वर्षी जर्मनीतल्या या शहरात नवी मराठी मंडळी येतात आणि नोव्हेंबर सरताना त्यांचे प्रश्न सुरू होतात: बाजार कधी भरतो, मुलांना कुठे न्यायचं, चोवीस तारखेला काय काय बंद असतं? जुन्या-नव्या सगळ्यांनी आपापला अनुभव लिहा. सुरुवात मी करते.

ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात क्रिस्टकिंडलेसमार्क्ट, म्हणजे नाताळचा बाजार, उघडतो. संध्याकाळी साडेपाचला चौकातल्या फ्राउएनकिर्श चर्चच्या सज्जात सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घातलेली 'क्रिस्टकिंड' (शब्दशः 'बाळ ख्रिस्त') येते आणि साऱ्या जगाला आमंत्रण देते. या भूमिकेसाठी दर दोन वर्षांनी शहरातली एक तरुणी निवडतात. २०१९ साली निवडलेल्या मुलीचे वडील भारतीय वंशाचे होते. एका पक्षाच्या म्युनिक भागातल्या शाखेने तिच्या दिसण्यावरून शेरा मारला, पण लोक तिच्या पाठीशी भक्कम उभे राहिले. आम्ही तेव्हा इथे नवखे होतो. उद्घाटनाला बाबाच्या खांद्यावर बसलेल्या लेकीने विचारलं, "ही आपल्यासारखी आहे?" त्या संध्याकाळी मला हे शहर पहिल्यांदा आपलं वाटलं.

•

मी शाकाहारी, त्यामुळे माझा अनुभव खाण्याचा. इथली खासियत म्हणजे पावात घातलेले तीन छोटे सॉसेज. ते आपल्या कामाचे नाहीत, पण सफरचंदाच्या गरासोबत मिळणारे बटाट्याचे गरमागरम पॅनकेक जरूर खा. लेबकुखेन, म्हणजे इथली मसालेदार नाताळी बिस्किटं, घेताना 'एलिझेन' लिहिलेलं बघून घ्या. त्यात किमान पाव हिस्सा बदाम, हेझलनट किंवा अक्रोड असावा लागतो आणि पीठ फार तर दहा टक्के. अंडं मात्र असतं, घरी पार्सल पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवा. ग्लूवाइनच्या, म्हणजे गरम मसालेदार वाइनच्या, कपासाठी अनामत घेतात. कप परत केला की पैसे मिळतात, आवडला तर ठेवून घ्यायचा. मुलांसाठी दारूविरहित किंडरपुन्श असतो.

•

मी वसईचा, कॅथलिक. वरच्या दोघींना हा सण नवा होता, माझा तर तो घरचाच. म्हणूनच पहिल्या वर्षी फार जड गेलं. आमच्याकडे येशूजन्माचा गोठा सजवायला अख्खी आळी जमते, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सुटली की अंगणाअंगणात माणसं, करंज्यांची ताटं इकडून तिकडे. इथे महिनाभर चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि चोवीसला दुपारी दोनला दुकानं बंद झाली की रस्ते ओस पडतात. जो तो आपल्या घरात, दारं लावून. शहराने १५२५ साली लुथरन (प्रोटेस्टंट) पंथ स्वीकारला, पण बाजाराच्या चौकातलं फ्राउएनकिर्श कॅथलिक आहे. तिथल्या रात्रीच्या मिस्सेला गेलो. शेवटचं गीत दिवे मालवून गायलं. शब्द परके, चाल लहानपणापासूनची. मी मराठीत गायलो, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी वळून पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. पुढच्या वर्षी चोवीसला त्यांनीच जेवायला बोलावलं. बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज, एवढाच साधा बेत. मी करंज्या नेल्या. नव्या मंडळींनो, आमंत्रणाची वाट पाहू नका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच शेजाऱ्यांना चहाला बोलवा. माझ्या मते इथलं दार तेव्हाच किलकिलं होतं, चोवीसला नाही.

•

थोडी भर. सण सव्वीसला संपत नाही. सहा जानेवारीच्या सुमारास, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या वेशात, मुकुट घातलेली मुलं दारोदार गाणी म्हणत येतात, गरजू मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि चौकटीवर खडूने साल आणि सी, एम, बी ('ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं) लिहितात. दार उघडा, सुटे पैसे जवळ ठेवा.

•

लहान मुलं असतील तर हाउप्टमार्क्टजवळच हान्स-झाक्स-प्लाट्झवर मुलांचा वेगळा बाजार असतो: चक्र, पाळणा, छोटी आगगाडी. शनिवारी संध्याकाळी बाबागाडी नेऊ नका, गर्दीत हलता येत नाही. मंगळवारी-बुधवारी दुपारी जा, आणि मुलांना मोज्यांवर मोजे घाला.