गिऱ्हाइकासमोर झापायचं की बाजूला घेऊन बोलायचं?

महाद्वार_फ्लोअर:
काल इथं एकानं लिहिलं, ‘दुकानात भावनिक बुद्धिमत्ता हे खूळ आहे, चारचौघांत झापलं की पोरं सरळ येतात.’ वाचून रात्रभर डोक्यात घोळत राहिलं.

कोल्हापुरात महाद्वार रोडवर साड्यांच्या दुकानात बारा वर्षं फ्लोअर सांभाळतोय. गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक पोरगी सलग तीन दिवस वीस मिनिटं उशिरा आली. बस्त्याची माणसं समोर असताना मालकांनी तिला झापलं. हातातली घडी अर्धी टाकून ती आत गेली, आणि बस्ताही उठला. संध्याकाळी मी तिला माळ्यावर नेऊन आधी कारण विचारलं. गारगोटीकडची तिची सकाळची एसटी बंद झाली होती. तिची वेळ अर्धा तास पुढं केली, रात्रीची आवराआवर तिच्याकडं दिली. यात शिस्त कुठं मोडली?

१९९० साली सॅलोवी आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, तेव्हा स्वतःची भावना ओळखून आवरणंही त्यात होतं. नुसतं गोड बोलणं नव्हे.

गल्ल्यावरचा:
लिहिणारा मीच. गल्ल्यात अठराशेची तूट आली, तेव्हा मीबी गोडीनं विचारलं हुतं. दोन म्हैने समजून घेतलं. शेवटी त्यो उचल बुडवून गेला. भाडं, लाईटबिल मला चुकत न्हाई. कुणाकुणाच्या भावना बघू?

काउंटर_तीन:
फ्लोअरदादा, संध्याकाळी एकट्या पोरीला माळ्यावर नेलंत? आणि रात्रीची आवराआवर दिलीत, तर परतीची एसटी तिला कुठली मिळणार होती?

महाद्वार_फ्लोअर:
माझ्यावर संशय घेताय काय? बारा वर्षांत कुणाची तक्रार नाही!

काउंटर_तीन:
संशय नाही. तिला काय वाटलं असेल ते विचारतेय. आणि बघा, राग आधी तुम्हालाच आला.

मी नऊ वर्षं काउंटरवर आहे. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभी. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, मालकांना आळशी दिसतो. पाय सुजलेल्या बाईनं संध्याकाळी हसून बोलायचं कुठून? केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली दुकानातल्या माणसाला बसायचा हक्क कायद्यात घातला. आधी स्टूल द्या, मग बुद्धिमत्ता शिकवा.

गल्ल्यावरचा:
बसलेला सेल्समन बघून गिऱ्हाईक आत येत न्हाई. आमच्या आज्याच्या वेळेपासनं धंदा हाय.

जुना_कापडवाला:
आज्याच्या वेळी दुकानात गादी होती, भावा! गिऱ्हाईक बसायचं, माल दाखवणाराही बसायचा. उभं राहणं आलं ते काचेच्या काउंटरबरोबर. मी दोन्ही बघितलंय. गादीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसावर मालकाचा आवाजही चढत नव्हता.

राजारामपुरी_शोरूम:
विषय स्टूलचा नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांबद्दल लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं. आतून काहीही वाटो, चेहरा हसरा ठेवायचा, हेसुद्धा कामच. त्याचा पगार कोण मोजतो?

काउंटर_तीन:
विषय स्टूलचाच आहे. तुम्ही खुर्चीत बसून लिहिताय.

गल्ल्यावरचा:
गादीचं खरं हाय. आज्जा कुणाला झापायचा न्हाई, त्येबी खरं. पण तवा माणसं घरची हुती.

जुना_कापडवाला:
घरची नव्हती. पगारीच होती. तुझ्या आज्जानं घरच्यासारखी ठेवली.

गल्ल्यावरचा:
बरं. गिऱ्हाइकासमोर बोलणार न्हाई. पण उचल बुडवली तर पगारातनं कापल्याबिगर सोडणार न्हाई, आदीच सांगतो. स्टूल एक ठेवतो.

काउंटर_तीन:
काउंटरवर किती जणी आहेत?

गल्ल्यावरचा:
चौघी.

महाद्वार_फ्लोअर:
काउंटर_तीन, आवराआवरीचं माझं चुकलं. आठवडाभर तिचा भाऊ गाडीवरून न्यायला येत होता, हे मला नंतर कळलं. मी सकाळच्या गाडीचं विचारलं, रात्रीच्या गाडीचं विचारलंच नाही. आता असलं बोलणं खाली, ट्रायल रूमच्या बाहेरच्या बाकावर करतो, दुसरी एखादी बाई जवळपास असताना.

काउंटर_तीन:
बाक आहे म्हणजे तुमच्याकडं. मग त्यावर एरवी कोण बसतं?