गुझमानियाचा तुरा वाळला, झाड टाकून देऊ का?

मृद्गंध:
गणपतीत लाल तुऱ्याचा गुझमानिया आणला होता. चारेक महिने तुरा मस्त राहिला, आता टोकाकडून तपकिरी होतोय. खालची पानंही पिवळी पडताहेत. बुडाशी बोटभर पिल्लू दिसतंय. नर्सरीवाले म्हणतात, झाड संपलं, नवीन घ्या. दुसरी काळजी डासांची. पानांच्या मधोमध होणाऱ्या वाटीत पाणी ठेवा असं सगळे सांगतात, आणि पावसाळ्यात पालिकेची माणसं आमच्या कुंड्यांखालच्या बशासुद्धा तपासून गेली. बाल्कनी पूर्वेची, ठाण्यात. काय करू?

हिरवा कोपरा:
टाकू नका! पिल्लू आलंय म्हणजे काम झालं. मीही वाचतेय.

अननसताई:
मृद्गंध, झाड अजिबात काढू नका. ब्रोमेलियाड, म्हणजे गुझमानियाच्या कुळातलं झाड, एकदाच फुलतं, पण तुरा गेला म्हणून लगेच मरत नाही. पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त जगतं आणि पिल्लांना पोसतं. केळीचा घड उतरला की खांब जातो, पण पिलांवर बाग चालू राहते ना, तसंच. वाळलेला तुरा बुडाशी कापा, हिरवी पानं राहू द्या. पिल्लू आईच्या निदान निम्म्या उंचीचं होईपर्यंत हात लावायचा नाही. मग धारदार सुरी आईच्या खोडालगत चालवून काढा, कापलेली जागा दिवसभर सुकू द्या. साधी माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, थोडं कोकोपीट. या कुळातली पुष्कळशी झाडं मुळांनी फांदीला नुसती धरून राहतात, पाणी पानांवरच्या बारीक खवल्यांनी पितात. एकमिया या दुसऱ्या ब्रोमेलियाडच्या पानावरचा रुपेरी पट्टा बोटाने घासला तर पुसला जातो, ते हेच खवले. म्हणून पानं पुसून चमकवू नका आणि डास नकोत म्हणून वाटीत तेल तर मुळीच टाकू नका.

डासांचं गांभीर्याने घ्या. उन्हाळ्यात अळीपासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून दोनदा कुंडी आडवी करून पाणी ओता आणि नळीच्या जोरदार धारेने वाटी धुवा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही टिकतात. घराबाहेर जाणार असाल तर वाटी रिकामीच ठेवा. गुझमानियाला कुंडीतला ओलावा आणि अधूनमधून फवारा पुरतो.

आणखी एक. सुपारीवर मारतात ते बोर्डो मिश्रण किंवा तांबं असलेलं कोणतंही बुरशीनाशक यांच्या जवळपास नेऊ नका. तांबं यांना विष आहे.

गच्चीवरचा:
ताई, माझ्याकडे निओरेगेलिया आहे, तोही ब्रोमेलियाडच. मोठा झालाय, पण नुसता हिरवा. फुलही नाही.

अननसताई:
त्याला उजेड कमी पडतोय. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं नको, पानं भाजतात. हळूहळू सरकवा. माझा फायरबॉल जातीचा निओरेगेलिया आंब्याच्या ओंडक्यावर सोडणात बांधलाय. उन्हाकडची पानं गडद लाल आहेत आणि भिंतीकडची हिरवट. फूल हवं असेल तर वाटी रिकामी करून झाडाशेजारी पिकलेलं सफरचंद ठेवा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, आठवडाभर सावलीत. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्याने झाड फुलावर येतं. अननसही याच कुळातला, त्याच्या शेतात सगळी फळं एकदम धरावीत म्हणून इथिलीन सोडणारं इथेफॉन हे औषध वापरतात ते याचसाठी. पण झाड पूर्ण वाढलेलं हवं. आणि निओरेगेलियाचा तुरा वर येत नाही हं, वाकून वाटीत बघा. पाण्याच्या पातळीलगत नखाएवढी निळी-जांभळी फुलं उमलतात, एका दिवसात कोमेजतात, दुसऱ्या दिवशी शेजारची उघडतात. मला त्या लांबलचक लाल तुऱ्यांपेक्षा हे जास्त आवडतं.

मृद्गंध:
तुरा आत्ताच कापला. पिल्लू जूनपर्यंत निम्मं होईल असं वाटतंय. पावसात काढलं तर चालेल?

अननसताई:
जून-जुलै टाळा, कापलेली जागा सुकतच नाही, कुजते. तोवर आईजवळच राहू दे, पाऊस ओसरला की काढा. उशीर झाल्याने काही बिघडत नाही, उलट पिल्लू दणकट होतं.