ब्लॉगखाली कमेंट्स टाकून वेबसाइट वर येते का? आमच्या हळदीच्या साइटसाठी विचारतेय

हळदवाली, वसमत

नमस्कार मंडळी. आम्ही वसमतजवळ राहतो. साडेतीन एकर हळद आहे, सगळी सेलम. चार वर्षांपासून सगळा माल मोंढ्यात न घालता थोडा घरी ठेवतो, अन् दळून पाव किलो, अर्धा किलोच्या पुड्या करून विकतो. आधी सगळं व्हॉट्सॲपवरच चालायचं. मागच्या दिवाळीत भाच्यानं वर्डप्रेसवर वेबसाइट करून दिली, चार पानांची. दिवसाला पाच-सहा माणसं येतात, त्यापुढं आकडा जाईना.

'वसमत हळद' असं गूगलवर टाकलं तर आमची साइट चौथ्या पानावरसुद्धा दिसत नाही. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तवापासून पुण्या-मुंबईकडचे लोक हे नाव शोधायलेत. अन् त्यांना सापडतात भलतीकडचे दुकानदार, ज्यांनी वसमत कधी बघितलं नसंल. हे मला लई लागतं. फेब्रुवारीत हळद शिजवायच्या कुकरपाशी वाफेत मी उभी असते.

महिन्याखाली एकाचा फोन आला. हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आमच्याकडं येणाऱ्या लिंका, करून देतो म्हणाला, पाच हजार रुपये, तीन महिन्यांत पहिल्या पानावर. कसं करणार विचारलं तर म्हणाला, मोठमोठ्या ब्लॉगखाली कमेंट टाकायची अन् तिथं तुमच्या साइटची लिंक ठेवायची, गूगल ते मोजतं. मी दोन हजार ॲडव्हान्स दिले. त्यानं २१० लिंकांची एक्सेल शीट पाठवली. दोन रात्री बसून मी एकेक उघडली. काही पानांची भाषाच कळंना. सात-आठ जुगाराची होती. कुत्र्याच्या औषधाच्या एका पानाखाली 'नाइस पोस्ट' असं इंग्रजीत लिहिलेलं, अन् लिहिणाऱ्याचं नाव काय, तर 'प्युअर टर्मरिक पावडर'. आमच्या हळदीची लिंक जुगाराच्या पानाखाली बघून रात्रभर डोळा लागला नाही.

आता सांगा, अशानं खरंच साइट वर येते का? उरलेले तीन हजार द्यावे का? जे टाकून झालंय त्यानं गूगल आमची साइट काढून तर टाकणार नाही ना? अन् मी स्वतःच चांगल्या कमेंट्स लिहिल्या तर? जेवणं झाल्यावर तासभर मोकळा असतो.

क्लासवाला, लातूर

ताई, माझ्या क्लासच्या साइटसाठी मी स्वतः तीनशेच्या वर कमेंट्स टाकल्या, शैक्षणिक ब्लॉग बघून बघून. दोन महिन्यांत 'लातूर सीईटी क्लास' या शोधात चौदाव्या नंबरवरून सहाव्यावर आलो. त्यामुळं सरसकट उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. जुगाराच्या साइटवर टाकणं मात्र चूकच. विषयाशी जुळणारे ब्लॉग निवडा अन् रोज पाच-दहाच टाका.

जुना कमेंटवाला, संभाजीनगर

ताई, उरलेले तीन हजार देऊ नका. हे खात्रीनं सांगतो, कारण २०१० ते २०१२ मी हेच काम पोटासाठी केलंय.

तेव्हाचं औरंगाबाद. सिडकोत एका घराच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होतं, आम्ही नऊ पोरं, पगार साडेचार हजार. प्रत्येकानं दिवसाला १२० कमेंट्स टाकायच्या. लोडशेडिंगमध्ये वेळ गेला की संध्याकाळी थांबून भरून काढायच्या. गिऱ्हाईकं सगळी परदेशातली, दातांचे डॉक्टर, गालिचे धुणारे, कुलूपवाले. गूगलच्या टूलबारवर तेव्हा प्रत्येक पानाचा पेजरँक, म्हणजे गूगलच्या लेखी त्या पानाचं वजन, शून्य ते दहा अशा आकड्यात दिसायचा. चार-पाचवाला ब्लॉग सापडला की पोरं एकमेकांना हाका मारायची. नावाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही, 'स्वस्त गालिचा सफाई' असं लिहायचं, कारण लिंक त्याच शब्दांवर बसते. तुमच्या शीटमधली 'प्युअर टर्मरिक पावडर' वाचली आणि ते दिवस डोळ्यांसमोर आले. चौदा-पंधरा वर्षं झाली, पद्धत तीच आहे.

या सगळ्याचं मूळ असं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना जी पद्धत मांडली, तिच्यात एका पानानं दुसऱ्याला लिंक देणं म्हणजे त्याच्या बाजूनं साक्ष देणं. ज्याच्या शब्दाला गावात वजन, त्याची साक्ष जड. पण कमेंटच्या चौकटीत कुणीही येऊन स्वतःचीच साक्ष देऊन जातो. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन या तिघांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण आणली. लिंकच्या कोडात हा शब्द असला की ती साक्ष धरायची नाही. वर्डप्रेस आणि ब्लॉगर कमेंटमधल्या लिंकांना ही खूण आपोआप लावू लागले. म्हणजे आम्ही पोरं कामाला लागलो त्याच्या पाच वर्षं आधीच या कामातला बराचसा जीव गेलेला होता. मग आम्ही नोफॉलो नसलेले ब्लॉग हुडकायचो. त्यांच्या याद्या विकत मिळायच्या, आणि यादी बाहेर पडली की आठवड्यात ते ब्लॉग कमेंट्सच्या गाळात बुडायचे.

२४ एप्रिल २०१२ ला गूगलनं पेंग्विन आणलं. लिंकांची बनवाबनवी ओळखून त्या साइटला खाली टाकणारा बदल. पंधरा दिवसांत आमची निम्मी गिऱ्हाईकं शोधातून खाली गेली, आणि आमचं काम उलटं झालं. ज्या ब्लॉगवाल्यांकडं आम्ही कमेंट्स टाकल्या होत्या, त्यांनाच मेल लिहायचे, 'कृपया आमची लिंक काढून टाका.' ऑक्टोबरमध्ये गूगलनं नको असलेल्या लिंका नाकारायचं साधन दिलं तोवर आम्ही हेच करत होतो. काही ब्लॉगवाले काढायचे, काही शिव्या द्यायचे. बरेच जण उत्तरच देत नव्हते.

त्यातला एक अजून आठवतो. मधमाश्या पाळणारा कुणी परदेशी मास्तर. कमेंट खरी वाटावी म्हणून मी त्याच्या ब्लॉगखाली लिहिलं होतं, आम्हीही मधमाश्या पाळतो. त्यानं त्याच दिवशी विचारलं होतं, तुमच्याकडं त्या कोणत्या झाडावर बसतात, उन्हाळ्यात त्यांना पाणी कुठून मिळतं? मी ते वाचलंच नव्हतं, पुढच्या ११९ कमेंट्स बाकी होत्या. लिंक काढा म्हणून मेल लिहायला दीड वर्षानं त्या पानावर परत गेलो, तेव्हा प्रश्न तसाच पडून होता. त्यानं लिंक काढली, माझी कमेंट आणि त्याचा प्रश्न तसाच ठेवला. मला त्याची आजही लाज वाटते. आपल्याकडं लिंबाला, जांभळाला, मोहरीला माश्या असतात, एवढं तरी मी सांगू शकलो असतो.

तुमचा फोनवाला पुढं म्हणेल की आता नोफॉलोसुद्धा मोजतात. त्याचं मूळ एवढंच, की सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलनं सांगितलं, नोफॉलो यापुढं हुकूम धरणार नाही, इशारा धरू. त्याच वेळी वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी 'यूजीसी' ही वेगळी खूण आणली. वर्डप्रेसच्या कमेंटमध्ये आता दोन्ही असतात. संगणकावर कुठल्याही कमेंटमधल्या लिंकवर उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' केलं की हे शब्द दिसतील, तुम्हीच बघा. इशारा मानायचा की नाही हे गूगल ठरवतं, आणि कुत्र्याच्या औषधाखालच्या हळदीबद्दल ते काय ठरवेल हे सांगायला नको.

जे टाकून झालंय त्याची काळजी. सर्च कन्सोल हे साइटवाल्यांसाठी गूगलचंच साधन आहे, फुकट आहे, भाच्याला सांगून साइट त्यात जोडा. 'मॅन्युअल ॲक्शन' नावाचं पान आहे, गूगलच्या माणसांनी साइटवर कारवाई केली असेल तर ती तिथं दिसते. काही नसेल तर निवांत राहा. असल्या लिंका गूगल आता बहुतेक वेळा नुसत्या दुर्लक्षित करतं. नाकारायचं साधन वापरायच्या भानगडीत पडू नका. तशी कारवाई झाली, किंवा आपणच टाकलेल्या लिंकांमुळं ती होणार हे दिसायला लागलं, तरच ते वापरायचं. चुकून चांगली लिंक नाकारली तर नुकसान तुमचंच.

लातूरवाल्या दादांना एक विचारतो. त्या दोन महिन्यांत साइटवर दुसरं काही बदललं होतं का?

क्लासवाला, लातूर

बदललं होतं. पानांची शीर्षकं नव्यानं लिहिली, गूगल मॅपवर क्लासची नोंद केली, अन् बारावीच्या निकालानंतर वीस-बावीस पालकांनी तिथं अभिप्राय लिहिले. खरं सांगतो, हे सगळं एकत्र धरून मी बघितलंच नव्हतं. कमेंट्सना सगळ्यात जास्त वेळ दिला म्हणून त्यांचंच फळ वाटलं.

शेतीचा ब्लॉग, परभणी

मी पलीकडच्या बाजूनं सांगतो. आठ वर्षांपासून मराठीत शेतीवर लिहितोय. रोज सकाळी चहासोबत पहिलं काम म्हणजे रात्रीतून आलेल्या कमेंट्सचा ढीग साफ करणं. अकिस्मेट नावाची कमेंटमधला कचरा गाळणारी चाळणी बरंचसं अडवते, तरी गळून आत येतातच. 'खूप छान माहिती' अन् खाली कर्जाच्या ॲपची लिंक. कंदकुजीवर, म्हणजे हळदीचा कंद जमिनीतच कुजतो त्या रोगावर, लेख लिहिला तर त्याखालीही 'खूप छान'. शेतकऱ्याचा अख्खा प्लॉट कुजायलाय अन् याला खूप छान वाटायलंय. असल्या कमेंट्स मी वाचतसुद्धा नाही, नाव बघूनच उडवतो.

पण त्याच कंदकुजीच्या लेखाखाली कळमनुरीच्या एका शेतकऱ्यानं लांबलचक लिहिलं होतं. गादीवाफा किती उंच ठेवला, पाणी साचलं तिथंच कूज कशी सुरू झाली, बेणं निवडताना पुढच्या वर्षी काय बदललं. लिंक-बिंक काही नव्हती. मी त्यांना शोधून फोन केला, शेतावर गेलो, दुसरा लेख लिहिला. तेव्हा कळलं की त्यांचं बेण्याचं छोटं पान आहे. त्या लेखात मी माझ्या हातानं त्याची लिंक दिली. ती लेखातली लिंक, तिला नोफॉलो नाही. ती मला कुणी मागितली नव्हती, त्यासाठी कुणी पैसे दिले नव्हते. ताई, लिंक असते ती ही.

तुम्ही लिहा. आमच्याकडं हळद शिजवण्यावर लोक सारखे विचारतात, अन् ज्यांनी स्वतः शिजवलीय असे लोक लिहितच नाहीत.

हळदवाली, वसमत

दादा लोकहो, सगळं दोनदा वाचलं. त्याला फोन करून काम थांबवायला सांगितलं. ॲडव्हान्स परत देणार नाही म्हणाला, जाऊ द्या. सर्च कन्सोल जोडलं, मॅन्युअल ॲक्शनमध्ये काही नाही. जीव भांड्यात पडला.

परभणीच्या दादांच्या ब्लॉगवर रात्री कमेंट लिहिली. एकानं विचारलं होतं की हळद शिजली हे कसं ओळखायचं. मी लिहिलं, फेस यायला लागून हळदीचा वास सुटतो, मग एक हळकुंड काढून त्यात गवताची काडी घुसवून बघायची. सहज गेली की उतरवायचं. जास्त झालं तर रंग मरतो, कमी झालं तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ होतं. गड्डे अन् हळकुंडं एकत्र शिजवायची नाहीत, गड्ड्याला वेळ जास्त लागतो. एवढं लिहायला पाऊण तास गेला. वेबसाइटच्या रकान्यात आमचा पत्ता टाकू की नको, हेच कळंना, म्हणून मोकळा ठेवला.

जुना कमेंटवाला, संभाजीनगर

रकाना त्यासाठीच असतो, पत्ता टाकायला हरकत नाही. नावाच्या जागी तुमचं नाव आणि गाव लिहा, मजकुरात लिंक घुसवू नका. गूगलसाठी त्याचा फायदा धरू नका. वाचणाऱ्याला वाटलं तर तो नावावर दाबून येईल, आणि तसा आलेला माणूस हळद घ्यायलाच येतो.

आणि जे पाऊण तास बसून लिहिलं, तेच तुमच्या साइटवर पाचवं पान म्हणून टाका, जास्त खुलवून. काडी घुसवतानाचा फोटो द्या. आत्ता साइट बघितली तर भाव आणि माहिती सगळी व्हॉट्सॲपच्या पोस्टरच्या चित्रात आहे. चित्रातली अक्षरं गूगलला भरवशानं वाचता येत नाहीत, ती साध्या मजकुरात लिहा. 'वसमत' हा शब्द मजकुरात अख्ख्या साइटवर एकदाच आलाय, तोही पत्त्यात. चौथ्या पानावर न दिसायचं मोठं कारण मला हेच दिसतंय. वसमतच्या हरिद्रा (हळद) संशोधन केंद्रातल्या लोकांनाही भेटा. तिथं येणारे शेतकरी काय विचारतात ते लिहून घेतलं तर वर्षभराचे विषय होतील. दर आठवड्याला सर्च कन्सोलमध्ये बघत जा, लोक कोणते शब्द टाकून येताहेत.

शेतीचा ब्लॉग, परभणी

ताई, तुमच्या कमेंटखाली सेलूच्या एकानं विचारलंय, वाफेच्या कुकरमध्ये काडी कशी घुसवायची, झाकण तर बंद असतं. उत्तर देताल का?

हळदवाली, वसमत

देते. आत्ता लाईट गेलीय, आली की लिहिते.