बारकोडची पद्धत आली, पण खिशातल्या चिठ्ठ्या सुटत नाहीत

वॉर्डताई:
मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. आमच्याकडे औषधांसाठी बारकोड सुरू झालाय. आधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग औषध, दोन्ही जुळलं तरच द्यायचं. मला ही पद्धत मनापासून हवी आहे. एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी असले की पहाटेच्या अँटिबायोटिकला छातीत कसं धस्स होतं, ते नर्सला सांगायला नको. पण मुली चिठ्ठीवर वेळ लिहून ठेवतात आणि ड्यूटी संपताना सगळ्या एंट्र्या एकदम करतात. पट्ट्यांच्या जादा प्रिंट ट्रॉलीला चिकटवलेल्याही दिसल्या. वरून एकच उत्तर येतं, 'स्टाफला ट्रेनिंग द्या.' अहो, बटणं सगळ्यांना पाठ आहेत! तुमच्याकडे हे रुळलं असेल तर कशाने रुळलं?

रात्रपाळी:
ताई, मुलींना रागावू नका. हे जगभर झालंय. २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही हॉस्पिटलांचा अभ्यास छापून आला होता. त्यात नर्सेसच्या अशा १५ प्रकारच्या पळवाटा आणि त्यामागची ३१ कारणं नोंदवली होती. पट्ट्यांच्या जादा प्रती ट्रॉलीला, दाराच्या चौकटीला लावणंही त्यात होतं. कारणं बघाल तर न वाचता येणारे बारकोड, उतरलेल्या बॅटऱ्या, नेटवर्क न पोचणारे कोपरे, हेच सगळं.

तुम्ही एक करा. औषधांच्या एका पूर्ण फेरीत एखादीच्या मागे वही घेऊन फिरा आणि काही न सुचवता ती कुठे अडते तेवढं लिहा. आमच्याकडे कळलं की सॅनिटायझरने पट्ट्यावरची शाई पुसली जात होती. आयसोलेशनच्या खोलीत ट्रॉली नेता येत नव्हती, म्हणून स्कॅनर बाहेर राहायचा. आणि पट्टा सलाईनच्याच हाताला, पांघरुणाखाली. झोपलेल्या माणसाचा तो हात कोण ओढणार? आम्ही पट्टा दुसऱ्या हाताला बांधायला लागलो, खोलीसाठी हातात धरायचा स्कॅनर मागून घेतला, निम्मी कुरकुर तिथेच थांबली.

चिठ्ठीचा खरा धोका मात्र मुलींना समजावून सांगा. इन्सुलिन आठला दिलं आणि एंट्री दोनला झाली, तर मधले सहा तास स्क्रीनवर 'दिलेलं नाही' असंच दिसतं. बदली सिस्टर ते बघून पुन्हा देऊ शकते. आमच्याकडे हे उदाहरण सांगितल्यावर कुणी वाद घातला नाही.

औषधखिडकी:
फार्मासिस्ट म्हणून सांगतो, निम्मा गोंधळ आमच्या खिडकीवरच सुरू होतो. स्ट्रिप कापून दोन गोळ्या वर पाठवल्या की बारकोड उरलेल्या तुकड्यावर राहतो. मग सिस्टरने स्कॅन काय करायचं? अर्ध्या गोळीची तर आणखीच पंचाईत. प्रत्येक डोस वेगळ्या पाकिटात घालून त्यावर लेबल लावणं हे फार्मसीचं काम आहे, ते वॉर्डवर ढकलू नये. त्यासाठी माणूस लागतो आणि खरेदीच्या कागदांत तो कुणी धरलेला नसतो, हे मात्र खरं.

मेहनत वाया जात नाही. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलचा अभ्यास २०१० मध्ये आला. बारकोड वापरल्यावर औषध देतानाच्या चुका (वेळेच्या चुका सोडून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या होत्या. ट्रेनिंगचा धोशा लावणाऱ्यांपुढे हा आकडा ठेवा आणि त्याच बैठकीत लेबलिंगला माणूस मागा.

वॉर्डताई:
दोघांचेही आभार. अर्ध्या गोळीचं अगदी आमचंच दुखणं! सकाळच्या फेरीत वही घेऊन फिरते. एकच विचारते, सिस्टिम बंद पडली तर? मुली म्हणतात, म्हणूनच चिठ्ठी ठेवतो.

रात्रपाळी:
त्यांची भीती रास्त आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या कॉम्प्युटर व्हायरसचा हल्ला झाला तेव्हा ब्रिटनमधल्या कितीतरी हॉस्पिटलांना कागद-पेनावर यावं लागलं होतं. कागद हवाच, पण खिशातला नको, वॉर्डचा हवा. चालू औषधांची यादी ठरलेल्या वेळी आपोआप प्रिंट होऊन नर्सिंग स्टेशनच्या फाइलला लागेल, असं आयटीकडून करून घ्या. सिस्टिम बंद असेपर्यंत त्याच कागदावर सही आणि वेळ. सुरू झाल्यावर एंट्री कोण करणार ते ड्यूटी-लिस्टवर नावानिशी लिहा, आणि करताना दुसरीने शेजारी बसून कागद वाचून दाखवायचा.