जुने ॲक्रिलिक रंग मिनिएचरवर सपाट बसतात. डबी टाकण्याची घाई करू नये

बारीक कुंचला (धागालेखक)

मिनिएचर, म्हणजे छोट्या आकाराच्या मूर्ती, रंगवू लागलेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो. रंग जुना झाला, घट्ट झाला, त्याचे फराटे दिसू लागले किंवा तो खालचा थर झाकेनासा झाला, की डबी टाकून द्यावी आणि नवी आणावी. हा सल्ला मला मुळापासून चुकीचा वाटतो. जुन्या रंगाला नेमके काय झाले आहे याचा विचार न करताच तो दिला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲक्रिलिक रंगात पाणी असते आणि त्या पाण्यात रंगकण व ॲक्रिलिक पॉलिमरचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले असतात. पाणी उडून गेले की हे थेंब एकमेकांना चिकटतात, एकजीव होतात आणि त्यांचा अखंड पापुद्रा तयार होतो. तो पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. मात्र डबीतला रंग घट्ट झाला म्हणजे तो वाळला, असे नव्हे. झाकण किंचित सैल राहिलेल्या डबीतून वर्षानुवर्षे जे निघून जाते ते मुख्यतः पाणी असते. बंधक (रंगकण धरून ठेवणारे तेच ॲक्रिलिक पॉलिमर) आणि रंगकण डबीतच राहतात. जे गेले तेच परत द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे काम सावकाश करावे लागते. प्रथम डबीच्या काठावर आणि झाकणाच्या आत वाळलेले कडे चिमट्याने काढून बाहेर टाकावे. त्याचा एकही तुकडा आत पडू देऊ नये. रंगावर पापुद्रा धरला असेल तर तो अखंड उचलावा. तो ढवळून आत मिसळणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण एका पापुद्र्याचे शेकडो कण होतात आणि ते पुढे प्रत्येक थरात दिसत राहतात. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब घालून, काडी तळापर्यंत नेऊन, बुडबुडे येणार नाहीत इतक्या हळू ढवळावे आणि झाकण लावून डबी रात्रभर ठेवावी. दुसऱ्या दिवशी गरज वाटली तरच आणखी दोन थेंब घालावेत. एकाच वेळी भरपूर पाणी ओतले तर घट्ट रंगाचे गोळे पातळ द्रवात नुसते तरंगत राहतात आणि कितीही ढवळले तरी फुटत नाहीत.

यानंतरचे पातळ करणे डबीत नव्हे, पॅलेटवर करावे. कुंचला रंगात बुडवल्यावर त्याची बाजू कागदाला टेकवून जादा रंग काढावा, एका दिशेने थर द्यावा आणि ओलसर भागावर पुन्हा कुंचला फिरवू नये. अर्धवट वाळलेला थर ओढला गेला की तो फाटतो, आणि त्या फाटलेल्या जागेचा दोष आपण रंगाच्या वयाला देतो. माझ्याकडची दहा वर्षांहून जुनी गडद निळ्या रंगाची डबी याच पद्धतीने पुन्हा वापरात आली. प्रायमरवर (रंगाआधीच्या आधारथरावर) दोन पातळ थरांत तिने जो सपाट पृष्ठभाग दिला, तो नव्या डबीपेक्षा कोणत्याही अर्थाने उणा नव्हता.

घट्ट झाकण

हा चर्चेचा धागा सुरू करणाऱ्या धागालेखकांची तळमळ मी समजू शकतो, परंतु त्यांच्या मांडणीत एक मोठी गफलत आहे. डबीतून केवळ पाणी जाते हे खरे असले तरी पाणी कमी झाल्याचा परिणाम केवळ घट्टपणापुरता मर्यादित राहत नाही. पाणी कमी होत जाते तसे पॉलिमरचे थेंब एकमेकांच्या जवळ येतात आणि त्यांतील काही डबीतच कायमचे जुळतात. जुळलेले थेंब सुटे करणारे पाणी अस्तित्वात नाही. रंग एकदा गोठून पुन्हा वितळला असेल तर हीच हानी एका रात्रीत होऊ शकते. अशा रंगात पाणी घातल्यावर तो वरून पातळ दिसतो, पण त्यात न दिसणारे रबरासारखे कण उरतात.

हे कण किती त्रासदायक ठरतात, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. २८ मिलिमीटर उंचीची मानवी मिनिएचर साधारण १:६० या प्रमाणात असते. तिच्या गालावर ०.१ मिलिमीटरचा कण बसला, तर खऱ्या माणसाच्या गालावर ६ मिलिमीटरचा फोड असल्यासारखे ते दिसते. झग्याच्या घडीत असा कण खपून जाईल, चेहऱ्यावर खपणार नाही. वरून सौम्य छटा दिली किंवा ड्रायब्रश केला (जवळजवळ कोरडा कुंचला वरून घासला) की तो अधिकच उठून दिसतो, कारण दोन्ही पद्धती पृष्ठभागाचा उंचसखलपणा ठळक करण्यासाठीच आहेत.

एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाचा, विचार तर मूळ लेखात आलेलाच नाही. नोझलचे छिद्र ०.२ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात एक कण अडकला की थर सपाट येणे दूरच राहिले, मिनिएचरवर रंगाचे शिंतोडे उडतात. मी अशा रीतीने कित्येक आठवड्यांचे काम गमावले आहे आणि तेव्हापासून डबी एकदा पूर्ण घट्ट झाली की ती केवळ मिनिएचरच्या पायाखालच्या तळपट्ट्या आणि खडकांसाठी ठेवतो.

रंगकणांचा अभ्यासक

दोन्ही बाजू घट्टपणाभोवतीच फिरत आहेत. तक्रार मात्र आच्छादनाची आहे, आणि आच्छादनाचे मुख्य कारण पाणी नाही.

रंग खालचा थर झाकतो तो प्रकाश विखुरून किंवा शोषून घेऊन. विखुरण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात रंगकण आणि बंधक यांच्या अपवर्तनांकातील (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्या मापातील) फरकावर अवलंबून असते. ॲक्रिलिक बंधकाचा अपवर्तनांक १.५ च्या जवळ आहे आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७. म्हणून त्याचा पातळ थरही चांगला झाकतो. अनेक तेजस्वी पिवळे आणि लाल रंगकण सेंद्रिय असतात. त्यांचा अपवर्तनांक बंधकाहून फारसा वेगळा नसल्यामुळे ते नव्या डबीतही अर्धपारदर्शकच राहतात. पिवळा झाकत नाही म्हणून त्याला म्हातारा ठरवणे अन्यायाचे आहे. त्याच्याखाली आधी फिकट तपकिरी किंवा हलका गुलाबी थर द्यावा, हाच त्यावरचा उपाय आहे.

आता वयाकडे येतो. टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या चौपटीहून थोडी अधिक आहे, लोहाच्या लाल ऑक्साइडची पाचपटीहून अधिक, तर सेंद्रिय रंगकणांची बहुधा दीडपटीच्या आसपास. एकाच डबीत पांढरा आणि सेंद्रिय असे दोन्ही रंगकण असतील, तर वर्षानुवर्षे स्थिर राहिलेल्या डबीत झाकणारा जड भाग तळाशी बसतो आणि वर तेजस्वी पण पारदर्शक द्रव उरतो. आपण वरचा द्रव कुंचल्याने घेतो आणि रंग झाकत नाही अशी तक्रार करतो. अशा डबीत धागालेखकांच्या सल्ल्याप्रमाणे पाणी घातले तर वरचा द्रव आणखी पातळ होईल आणि तळाचा गाळ जागचा हलणारही नाही. आधी गाळ खरवडून एकजीव करावा. ड्रॉपर बाटली असेल तर तीत काचेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा मणी टाकून ती काही मिनिटे जोराने हलवावी (साधे लोखंड गंजते आणि पांढऱ्या रंगाची कायमची वाट लावते). एवढे केल्यावरही रंग घट्ट राहिला, तरच पाण्याचा विचार करावा.

ओला पॅलेट

मी धागालेखकांच्या विरुद्ध बाजूने एक वेगळा मुद्दा मांडते. नुसत्या पाण्याने रंग पातळ होतो, पण सपाट बसतोच असे नाही. पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्यामुळे पातळ रंग गुळगुळीत भागावरून मागे सरकून खाचांमध्ये गोळा होतो आणि वाळताना त्याच्या कडेला गडद रेषा उमटते. पाणी फारच झाले तर बंधक विरळ होऊन थर खडूसारखा कोरडा पडतो व बोट लागले तरी निघतो. म्हणून डबीतच मॅट मीडियमचे (रंगकण नसलेल्या, चमक न देणाऱ्या बंधकाचे) काही थेंब आणि पृष्ठताण कमी करणाऱ्या फ्लो इम्प्रूव्हरचा एक थेंब घालावा, असे माझे मत आहे. त्यामुळे रंग पसरतो आणि बंधकाचे प्रमाणही टिकते.

याखेरीज काही जण जुन्या डबीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, तेही पाहण्यासारखे आहे.

घट्ट झाकण

अल्कोहोलच्या बाबतीत मी धागालेखकांच्या आधी उत्तर देतो, कारण या चुकीने नुकसान लवकर होते. मिनिएचरवरचा वाळलेला ॲक्रिलिक रंग काढून टाकण्यासाठी हेच द्रव्य वापरले जाते. ते घट्ट झालेल्या डबीत थेट ओतले तर बंधक फाटतो आणि त्याचे धागे होतात. एअरब्रशच्या काही तयार थिनरांत अल्कोहोल असते, पण ते त्या त्या रंगासाठी मोजून घातलेले असते.

बारीक कुंचला (धागालेखक)

तिन्ही आक्षेप वाचले. रंगकणांच्या अभ्यासकांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि माझ्या लेखातील क्रम त्यामुळे बदलतो: आधी गाळ मोकळा करावा, पाणी नंतर. डबीत पाणी घालण्यापूर्वी मी तळापर्यंत काडी नेतच होतो, परंतु ते ढवळण्यासाठी. पाण्याच्या आधी गाळ सोडवणे वेगळे आहे, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते.

डबीत मीडियम घालण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. मीडियम म्हणजे रंगकण नसलेला बंधक. ते डबीत गेले की रंगकणांचे प्रमाण कायमचे घटते, आणि ज्या आच्छादनासाठी हा सारा खटाटोप चालला आहे तेच कमी होते. पाणी जादा झाले तर झाकण काही तास उघडे ठेवून ते उडवता येते. मीडियम परत काढता येत नाही. पॅलेटवर मीडियमचा एक थेंब जरूर घ्यावा, मीही घेतो, विशेषतः रंग दोन थरांपलीकडे न्यायचा असेल तेव्हा. फ्लो इम्प्रूव्हर तर पॅलेटवरसुद्धा जपून वापरावा, कारण तो अधिक झाला की थर वाळल्यावरही नाजूक राहतो.

आता कायमच्या जुळलेल्या कणांबद्दल. तसे कण असतात हे मी नाकारत नाही, परंतु प्रत्येक घट्ट डबीत ते असतात हे मला मान्य नाही, आणि ते ओळखण्याची रीत आहे. पूर्ववत केलेल्या रंगाचा एक थेंब काचेच्या पट्टीवर ठेवून प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने पातळ पसरावा आणि पट्टी उजेडासमोर धरावी. दिसणारे कण कार्डाच्या दाबाखाली चुरडून रंगाची रेघ सोडत असतील तर ते नुसते एकत्र आलेले रंगकण आहेत. आणखी ढवळल्यावर ते सुटतील. कण चुरडण्याऐवजी घरंगळत असतील किंवा रबरासारखे ताणले जात असतील तर तो जुळलेला बंधक आहे. तेव्हा रंग नायलॉनच्या मोज्याच्या कापडातून गाळून पाहावा, आणि तरीही कण उरले तर ती डबी चेहऱ्यासाठी वापरू नये. सडका वास येत असेल तर रंगात जिवाणू वाढलेले असतात. अशी डबी मीही टाकतो. अमोनियाचा हलका वास मात्र अनेक ॲक्रिलिक रंगांना मुळातच असतो, त्याला घाबरू नये.

ओला पॅलेट

पाणी परत उडवता येते, मीडियम नाही, हा मुद्दा मला पटला. यापुढे मीडियम पॅलेटवरच घेईन. तरीही ओल्या पॅलेटवर (ओल्या स्पंजवर कागद पसरलेल्या पॅलेटवर) जुना रंग खालून सतत पाणी ओढत राहतो आणि तासाभरात नको तितका पातळ होतो, हा माझा अनुभव आहे. त्यामुळे जुन्या रंगासाठी मी साधी कोरडी पॅलेट घेते आणि एका वेळी चार-पाच थेंबांपेक्षा जास्त रंग काढत नाही.

घट्ट झाकण

काचेच्या पट्टीची चाचणी मी आज तीन डब्यांवर करून पाहिली. एका तपकिरी डबीतले कण खरोखरच चुरडले आणि पुन्हा ढवळल्यावर रंग स्वच्छ निघाला. ती डबी मी खडकांच्या कप्प्यातून परत वर आणली आहे. उरलेल्या दोन डब्यांतील कण ताणले गेले, आणि गाळल्यावरही काचेवर बारीक ठिपके राहिले. म्हणजे घट्ट डबी सरसकट बाद करणे ही माझी चूक होती, परंतु तीनपैकी दोन डब्यांच्या बाबतीत माझी शंका खरी ठरली. एअरब्रशमध्ये मी ती तपकिरी डबीही घालणार नाही. कुंचल्यातला कण टोकाने उचलून टाकता येतो, नोझलमधला कण काम थांबवूनच काढावा लागतो.