गाडीत स्टिरिओसाठी दुसरी बॅटरी: आयसोलेटर, वायर, फ्यूज यावर सल्ला हवाय

बासवेडा
मंडळी, डिकीत 1000 वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) मोनो ॲम्प आणि 12 इंची सबवूफर आहे. इंजिन बंद ठेवून तास-दीड तास गाणी लावली की नंतर सेल्फ नुसता टकटक करतो, गाडी उठत नाही. रात्री बासच्या ठोक्याबरोबर हेडलाइटही मंदावतात. दुसरी बॅटरी टाकायचं मनात आहे. आयसोलेटर (दोन बॅटऱ्या गरजेप्रमाणे जोडणारा-तोडणारा) कोणता घेऊ, वायर किती जाड, फ्यूज कुठे? की मोठ्या कपॅसिटरवर (थोडी वीज साठवून झटक्यात देणारा) भागेल?

तारकट
तक्रारी दोन आहेत, दुसरी बॅटरी त्यातली एकच मिटवेल. इंजिन बंद असताना गाणी लावायची तर ती हवीच. दिवे मंदावणं हे मात्र अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राचं) दुखणं आहे. हिशेब बघा: क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) ॲम्पची एफिशियन्सी 80 टक्के धरली तर 1000 वॉटसाठी तो 1250 वॉट ओढणार, म्हणजे 13.8 व्होल्टला साधारण 90 अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर सगळा मिळून जेमतेम तेवढा देतो, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) तर त्याहून बराच कमी. गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही म्हणून निभतं, इतकंच. जादा बॅटरी क्षणभर टेकू देईल, पण तिलाही भरणार अल्टरनेटरच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्याआधी ‘बिग थ्री’ करून घ्या: अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते चॅसी, इंजिन ते चॅसी, या तिन्ही वायरी जाड करायच्या.

कपॅसिटरचा नाद सोडा. 1 फॅरडचा कपॅसिटर 14.4 वरून 12 व्होल्टवर येईपर्यंत सुमारे 32 ज्यूल देतो. तुमचा ॲम्प पूर्ण जोरात असेल तर ते सेकंदाच्या चाळीसाव्या हिश्श्यात संपतात.

पानानंबर१३
आयसोलेटरचं सांगतो. साधा डायोडवाला घेऊ नका, 0.6-0.7 व्होल्ट तोच खातो आणि मागची बॅटरी कायम अर्धपोटी राहते. व्होल्टेज सेन्सिंग रिले घ्या. 13.3 व्होल्टच्या आसपास दोन्ही बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या खाली तोडतो, इग्निशनची वायर शोधत बसायला नको. सोलेनॉइडच (विजेच्या चुंबकावर चालणारा मोठा स्विच) लावायचा असेल तर कंटिन्युअस ड्यूटीचा, म्हणजे सतत चालू राहू शकणारा. स्टार्टरचा सोलेनॉइड काही सेकंदांसाठी असतो, तासभर चालू ठेवलात तर जळेल.

गाडी नवी असेल तर आधी मल्टिमीटर लावून फेरफटका मारा. स्मार्ट अल्टरनेटर असला तर चालत्या गाडीत व्होल्टेज मध्येच 12.5 वगैरेपर्यंत उतरतं, आणि रिले सुटतो. तिथे डीसी-डीसी चार्जरच (येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी मागच्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा) लागतो. लिथियम बॅटरीलाही तोच.

बासवेडा
गाडी जुनीच आहे, 14.2 स्थिर दाखवते. मग रिलेच घेतो. फ्यूज पुढच्या बॅटरीजवळ एक पुरे ना?

तारकट
नाही हो! दोन बॅटऱ्यांमधल्या वायरीच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत. फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यावर घासून इन्सुलेशन फाटलं, तर पुढचा फ्यूज उडेल, पण मागची बॅटरी त्याच वायरीत मागून करंट ढकलतच राहील, आणि वायर गालिच्याखाली लाल होईल. म्हणून भोकात रबरी ग्रोमेट, त्यावर स्लीव्ह. मागच्या बॅटरीकडून ॲम्पला जाणाऱ्या वायरीलाही वेगळा फ्यूज.

जाडी: 5 मीटर तांब्याच्या 25 चौरस मिमी वायरीत 90 अँपिअरला साधारण 0.3 व्होल्ट पडतात, 50 मध्ये त्याच्या निम्मे. 50 घ्या. पण शुद्ध तांब्याची. स्वस्त मिळते ती बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम असते, तीच जाडी असली तरी बरीच कमी वाहते. लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) हातोडीने चेपू नका, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या.

गॅरेजकाका
डिकीत एजीएमच (सीलबंद, न सांडणारी बॅटरी) ठेवा. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो बंद जागेत साठू द्यायचा नसतो. आणि पट्टा-ब्रॅकेटने घट्ट बांधा. अचानक ब्रेक लागला तर पंधरा-वीस किलोचं धूड सीटवर येईल.

वेळेचंही बघा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. 60 एएच (अँपिअर-तास) असेल तर हाती 30. सरासरी 20 अँपिअर ओढ धरली तर दीड तास, तोही नव्या बॅटरीत. 12.2 व्होल्ट दिसलं की गाणी बंद.

बासवेडा
शेवटचा प्रश्न. मागचं निगेटिव्ह पुढपर्यंत ओढायचं का?

पानानंबर१३
गरज नाही, चॅसीला द्या. पण सीटबेल्टच्या बोल्टला नको. जाड पत्रा बघून रंग चकाकेपर्यंत खरवडा, आवळा, मग वरून ग्रीस. झाल्यावर ॲम्प जोरात वाजवून मल्टिमीटरची एक पिन मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी जवळच्या उघड्या पत्र्याला लावा. 0.1 व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग परत करा.